जुने गोवे पायी बघायचे तर: धक्क्यावरून सुरुवात, आणि दुसऱ्या दिवशी दिवाडीवरून नार्वे

जुन्या गोव्यात येणाऱ्या बहुतेक गाड्या बॉम जेझूसच्या बासिलिकेजवळ, म्हणजे मोठ्या मानाच्या चर्चजवळ, थांबतात. माणसे उतरतात, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी बघतात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये डोकावतात आणि तासाभरात मंगेशीच्या वाटेला लागतात. दोन देखण्या इमारती बघून होतात, शहर मात्र राहून जाते. जुने गोवे हे मांडवीकडे तोंड करून वसलेले बंदर होते. जो यायचा तो पाण्यावरून यायचा, आणि त्याला एकेक गोष्ट ज्या क्रमाने दिसायची त्याच क्रमाने चाललात तर मधल्या मोकळ्या जागाही बोलायला लागतात. म्हणून पहिला नियम असा की सुरुवात बासिलिकेपासून करू नका, फेरीबोटीच्या धक्क्यापासून करा.

दुसरा नियम उन्हाचा. उघड्यावरचे अवशेष सकाळी, छपराखालच्या जागा दुपारी, टेकडी संध्याकाळी. हा क्रम उलटा झाला की भर दुपारी सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या मनोऱ्याखाली उभे राहायची वेळ येते. तिथे सावली जवळजवळ नाही. तापलेला चिरा खालून भाजतो आणि दहा मिनिटांत माणूस ‘बघितले, चला’ म्हणून परततो. अर्धवट राहिलेल्या बहुतेक फेऱ्या अशाच बिनसतात.

यायचे कसे, तर पणजी बसस्थानकावरून. अंतर सुमारे १० किलोमीटर. बस दोन रस्त्यांनी येतात, एक कदंब पठारावरून आणि दुसरी रायबंदरमार्गे नदीकाठाने. वेळ थोडा जास्त लागला तरी रायबंदरची बस घ्या आणि डाव्या हाताची खिडकी धरा. पणजी सोडल्यावर जो लांबलचक सरळ बांध लागतो तो १६३० च्या दशकात पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात घातलेला, ३ किलोमीटरहून अधिक लांबीचा. खाली खारफुटी, पलीकडे मांडवी. हा रस्ता पाहिला की राजधानी पणजीकडे कोणत्या वाटेने सरकत गेली ते नकाशाशिवाय कळते. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचे करमळी स्थानक जवळ पडते. तिथून रिक्षा करा किंवा अर्धा तास चाला.

दिशा लक्षात ठेवायची सोपी खूण: नदी उत्तरेला, मोंते सांत ही पडक्या मठांची टेकडी पश्चिमेला, मोंतेचे कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनागृह, असलेली टेकडी पूर्वेला, आणि से व बासिलिका मधल्या सपाटीवर. एवढे डोक्यात बसले की चुकायला होत नाही.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि तळव्याला पकड असलेले बूट घ्या. रबरी चपला नकोत, चिऱ्याच्या झिजलेल्या पायऱ्यांवर त्या सरकतात. चर्च ही चालती प्रार्थनास्थळे आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून बिनबाह्यांचा कपडा असेल तर एक ओढणी किंवा पंचा पिशवीत टाका. चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. त्यातही ३ डिसेंबरचे झेवियरचे फेस्त, म्हणजे जत्रा, आणि त्याआधीचे नोव्हेनाच्या प्रार्थनांचे नऊ दिवस सोडून या, नाहीतर अवशेषांपेक्षा गर्दीच जास्त बघून होईल. पावसाळ्यात अवशेष हिरवेगार आणि फार सुंदर दिसतात, पण चिऱ्यावर शेवाळ धरते आणि उतरताना पाय हमखास घसरतो. तेव्हा यायचेच असेल तर रेनकोट घाला. छत्री नको, दोन्ही हात मोकळे लागतात.

आधी चिरा बघायला शिका

पाच मिनिटे दगडाकडे द्या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. गोव्यातली जुनी बांधकामे जांभ्याची, म्हणजे आपल्या चिऱ्याची. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, कोयत्यासारख्या हत्याराने तासता येतो, हवा लागली की कठीण होतो. पण त्याच्या अंगात भोके फार. उघडा राहिला तर पावसाचे पाणी आत शिरते, कण सुटतात, कडा गोल होतात आणि त्यावर केलेली बारीक नक्षी काही पावसाळ्यांत पुसली जाते. म्हणून जुने गवंडी चिऱ्याला चुन्याचा गिलावा द्यायचे आणि दर वर्षी सफेदी करायचे. ती सफेदी नुसती शोभेची नव्हती, भिंतीचा रेनकोटच होता.

जिथे नक्षी टिकायला हवी तिथे काळा दगड वापरला आहे, चौकटींना, खांबांना, शिलालेखांना. गोव्यात असा दगड बेताचाच, त्यामुळे त्यातला पुष्कळसा वसईहून जहाजाने आणला जाई. एखाद्या दारासमोर उभे राहून लाल कुठे संपते आणि काळे कुठे सुरू होते ते बघा. पैसा कुठे ओतला आणि कुठे वाचवला, हे त्या रेषेवरून उमजते.

पहिला दिवस: धक्का ते मोंते

सकाळी साडेसातपर्यंत दिवाडी बेटाला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर पोचा. नदीकडे पाठ करा. समोर व्हाइसरॉयची कमान दिसेल. वास्को द गामा १४९८ मध्ये भारतात पोचला, त्याच्या शतकपूर्तीच्या सुमारास त्याचाच पणतू फ्रान्सिस्को द गामा इथे व्हाइसरॉय होता, आणि ही कमान त्याने उभारली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच दारातून शहरात शिरायचा. नदीच्या बाजूला वर वास्कोची मूर्ती आहे. ती बघून कमानीतून आत जा आणि लगेच मागे वळा. शहराच्या बाजूला तलवार घेतलेली एक स्त्री आहे, तिच्या पायाखाली एक माणूस पडलेला आहे. बहुतेक जण मागे वळत नाहीत, आणि आत येणाऱ्याला दाखवायचा चेहरा वेगळा व आतल्यांना दाखवायचा वेगळा होता, हे त्यांच्या नजरेतून सुटते. आज दिसते ती कमान १९५४ मध्ये पुन्हा उभी केलेली आहे, त्यामुळे चिऱ्यांच्या कडा ताज्या दिसल्या तर नवल वाटू नये.

इथून वर जाणारा सरळ रस्ता म्हणजे त्या शहराचा राजरस्ता. दोन्ही बाजूंना आता झाडे आणि गवत आहे. एकेकाळी इथे दुकाने होती, सराफ होते, घोड्यांचे व्यापारी होते. डाव्या हाताला सांत कायेतान चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक एकटी चौकट उभी दिसेल. सहा पायऱ्या, दोन खांब, वर आडवी शिळा, बाजूला जाळीचे तुकडे. आदिलशाहीच्या राजवाड्याचे एवढेच उरले आहे. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकेर्कने शहर घेतल्यावर पुढे याच वाड्यात पोर्तुगीज गव्हर्नर राहू लागले. १६९५ मध्ये त्यांनी मुक्काम जवळच्या पणेलीला हलवला आणि १८२० मध्ये वाडा पाडला. खांबांची घडण नीट बघा. मशिदीपेक्षा देवळाच्या मंडपाशी तिचे नाते जवळचे आहे. एकाच चौकटीत तीन राजवटी उभ्या आहेत, आणि इथे थांबणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

सांत कायेतानचे चर्च इतक्या सकाळी उघडलेले नसेल तर बाहेरून बघून पुढे चला, दुपारी परत येता येईल. इटालियन थिएटिन पंथीयांनी सतराव्या शतकात ते रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधले. आत गेलात तर घुमटाच्या बरोबर खाली, जमिनीत झाकलेली विहीर आहे, ती चुकवू नका.

पुढे उजव्या हाताला से कॅथेड्रलचा दर्शनी भाग येईल. आत आत्ता जायचे नाही. त्याच्या आवारातून पश्चिमेकडे, सेंट फ्रान्सिसच्या चर्चच्याही पलीकडे, सेंट कॅथरिनचे छोटे कपेल आहे. अल्बुकेर्क शहरात शिरला तो २५ नोव्हेंबर १५१० ला, सेंट कॅथरिनच्या दिवशी. त्याच साली त्याने या वेशीपाशी मूळ कपेल बांधवले. आज समोर आहे ते नंतर वाढवलेले, आणि १९५२ मध्ये दुरुस्त केलेले. इथे पाच मिनिटे पुरतात.

आता मुख्य रस्त्यावर या आणि मोंते सांतकडे चढायला लागा. चढ छोटा आहे, बासिलिकेपासून धरला तर दहा-बारा मिनिटांचा. टेकडीवरची पहिली भेट मात्र ऑगस्टिनला देऊ नका. सरळ पुढे टोकापर्यंत जा, रोझरीच्या कपेलपाशी. गोल बुरुज, जाड भिंती, चर्चपेक्षा गढीच वाटावी असे बांधकाम, सोळाव्या शतकाच्या मध्यातले. नदीवर नजर ठेवायला याहून चांगली जागा या भागात नाही. आत गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी कातारिना हिची कबर आहे, आणि तिच्यावरची कोरीव नक्षी गुजराती वळणाची आहे. कपेल बंद असले तरी कड्यावर उभे राहून खालचे पात्र आणि समोरचे दिवाडी बेट बघा. उद्या तिकडेच जायचे आहे.

नऊच्या सुमारास ऑगस्टिनच्या अवशेषांत शिरा. इथे तासभर ठेवा, कमी नको. अख्ख्या जुन्या गोव्यात शहराच्या मरणाची गोष्ट इतकी उघड दुसरीकडे कुठेच वाचता येत नाही.

१५९७ ते १६०२ या काळात बांधलेले हे चर्च एका मोठ्या मठाचा भाग होते. १८३०च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धर्मपंथांचे मठ बंद केले आणि १८३५ मध्ये हा मठ ओस पडला. इथे चिऱ्याबद्दलची शिकवणी कामाला येते. राखणारे गेले की कौले सरकतात. कौले सरकली की पाणी कमानीच्या छतात मुरते. चिरा पाणी पितो, जड होतो, मऊ होतो. सांध्यांत पिंपळाचे बी पडते आणि मुळे चिरे बाजूला सारतात. १८४२ मध्ये छत कोसळले, म्हणजे ओस पडल्यावर अवघ्या सात वर्षांत. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज ४६ मीटरचा जो सुळका दिसतो तो मनोऱ्याचा उरलेला अर्धा. या बुरुजातली घंटा आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये. पणजीच्या पायऱ्यांवर उभे राहून ऐकलेला तो नाद या टेकडीवरचा आहे.

आत शिरताना खाली बघत चला. मधल्या दालनाच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. काहींवर घराण्याची चिन्हे, काहींवर कवटी आणि दोन आडवी हाडे. एका शिळेपाशी बसा आणि कलत्या उन्हात बाजूने बघा. सरळ वरून न दिसणारी अक्षरे सकाळच्या तिरक्या प्रकाशात उठून येतात. नऊची वेळ सांगितली ती याचसाठी, दुपारी बारानंतर सगळे सपाट दिसते. बूट घालून शिळांवर उभे राहू नका. या कबरी आहेत, आणि अक्षरे आधीच झिजलेली आहेत.

दोन्ही बाजूंच्या छोट्या दालनांत भिंतीच्या खालच्या अंगाला निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे शिल्लक आहेत. पोर्तुगालहून आलेल्या या आझुलेजो. एका फरशीवर पानाचे अर्धे वळण, शेजारची पडलेली, तिसरीवर त्याच वळणाचे टोक. मधली रेघ मनातल्या मनात जोडून बघा. बोट लावू नका, चुना भुगा झालेला आहे आणि हलक्या धक्क्यानेही तुकडा हातात येतो.

मागच्या बाजूला मठाच्या सभागृहाची जागा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शिराझमध्ये धर्म सोडायला नकार दिल्याबद्दल मारले गेले. ऑगस्टिन पंथीयांनी तिचे काही अवशेष १६२७ मध्ये इथे आणून एका खिडकीपाशी ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदांत होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्या नोंदीचा माग काढत या ढिगाऱ्यात खोदकाम केले. सापडलेल्या हाडांची हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये अवशेष जॉर्जियाला देण्यात आले. आधी खिडकीचे स्थान ठरवायचे तर पडलेल्या भिंतींतून मूळ आराखडा उभा करावा लागतो. तो आराखडा तुम्हालाही पायाच्या ओळींवरून चालत चालत मांडता येतो: दालन, वेदी, मागचा चौक, जेवणघर.

भिंतींवर चढू नका. वरचा चिरा घट्ट दिसतो, पण खालचा चुना गेलेला असतो. पावसाळ्यात आणि नंतर महिनाभर उंच गवतातही पाय टाकू नका, पायवाट धरा.

समोरच सांता मोनिकाचे प्रचंड बांधकाम आहे. १६०६ मध्ये सुरू झालेला हा नन्सचा मठ. रस्त्याच्या बाजूने भिंतीला दिलेले धिरे बघा. भिंत बाहेर झुकायला लागली की असे टेकू द्यावे लागतात. याच आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तिथे हस्तिदंती मूर्ती, चांदीकाम आणि लाकडावरचे काम बघताना विषय ख्रिस्ती, हात मात्र इथल्याच सुतार-सोनारांचा, हे पदोपदी जाणवते. तिकीट आहे, आणि ते वसूल होते.

अकराच्या आत टेकडी उतरा आणि बासिलिकेत शिरा. बॉम जेझूसचे काम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती प्रार्थनेसाठी खुली झाली. दर्शनी भागावरचा लाल चिरा बघून लोकांना वाटते, ती मुळातच अशी होती. तसे नाही. गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला, आणि तेव्हापासून दर पावसाळा थेट दगडावर पडतो. उजव्या-डाव्या भिंतींवर चिऱ्याच्या कडा कशा खचल्या आहेत ते जवळ जाऊन बघा, आणि लगेच समोरच्या पांढऱ्याशुभ्र से कॅथेड्रलकडे बघा. गिलावा काय करतो हे याहून सोपे करून कुठेही सांगता येणार नाही.

आत झेवियरची चांदीची पेटी उंचावर आहे. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सच्या फोज्जिनीने घडवला. टस्कनीचा ड्यूक कोझिमो तिसरा याची ती भेट, १६९८ मध्ये इथे बसवली. आणखी एक गोष्ट मराठी माणसाने इथे आठवावी. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने शहराच्या जवळचा जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने आपला अधिकारदंड झेवियरच्या पेटीपाशी आणून ठेवला, शहर आता तूच राख म्हणून. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते, तेव्हा पर्यटक म्हणून आत शिरू नका. दुपारी या.

रस्ता ओलांडून से कॅथेड्रल. काम १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये इमारत पुरी झाली. दर्शनी भाग एकांगी दिसतो, कारण दुसरा मनोरा १७७६ मध्ये पडला. मागच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चचे तोंड उलट्या दिशेला, पश्चिमेला आहे, त्यामुळे वळसा घालून जावे लागते. आताचे चर्च १६६१ चे, पण दाराची काळी नक्षीदार चौकट आधीच्या इमारतीतली उचलून बसवलेली आहे. दोराच्या पिळासारखे कोरलेले काम शोधा. शेजारच्या मठात पुरातत्त्व संग्रहालय आहे, शुक्रवारी बंद. बाकी बेत कसाही आखा, शुक्रवार मात्र टाळा. कदंबकालीन वीरगळ आणि सतीशिळा इथे आहेत. पोर्तुगीज यायच्या आधीचे गोवे कुठे गेले, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या दालनांत मिळते. बाकीचे निम्मे उद्या दिवाडीवर.

जेवण किंवा पोटाला आधार बसथांब्याजवळ मिळतो. पातळ भाजी, पाव, बन्स, मिरची भजी. पोट गच्च भरू नका, पुढे चढ आहे.

साडेतीननंतर गांधी सर्कलवरून पूर्वेकडे निघा. रस्त्याच्या कडेला एक मोठा एकटा दरवाजा दिसेल, मागे काहीच नाही. हे सेंट पॉल कॉलेज. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये इथे चालू झाला. १८३२ मध्ये इमारत पाडून तिचा दगड पणजीच्या बांधकामाला नेला. जुने गोवे नुसते ढासळले नाही, ते उचलून नेले गेले. साथीच्या रोगांनी माणसे गेली, नदीत गाळ भरला, १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला गेला, १८४३ मध्ये राजधानीही तिकडे गेली, आणि मागोमाग चिरे गेले.

तिथून विचारत विचारत मोंतेच्या टेकडीवर चढा. वरचे कपेल बहुतेक वेळा बंद असते, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. इथे यायचे ते पायऱ्यांवर बसून खाली बघण्यासाठी. सकाळपासून पायाखालून गेलेले सगळे एका नजरेत येते: घुमट, पांढरा मनोरा, पलीकडच्या टेकडीवरचा तुटका सुळका, आणि या सगळ्यांच्या मध्ये नारळीच्या बागा. घरे, बाजार, इस्पितळे होती तिथे आता फक्त झाडांचे शेंडे. सूर्य मांडवीकडे कलला की उतरायला लागा. वाटेवर दिव्यांचा भरवसा धरू नका.

दुसरा दिवस: दिवाडी ओलांडून नार्वे

ही वाट लोक करत नाहीत, आणि करायला हवी. पहिल्या दिवशी पोर्तुगीज शहर बघितले, आज त्याच्या आधीचे बघायचे. सकाळी सातच्या सुमारास त्याच धक्क्यावरून फेरीबोट धरा. पायी माणसाला भाडे नाही. ओहोटीला धक्क्याच्या उतारावर शेवाळ उघडे पडते, तेव्हा वाहने उतरून जाऊ द्या आणि मग कडेने चाला. उतरल्यावर शेवटची फेरी किती वाजता हे कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा. पलीकडच्या नार्वेच्या फेरीबद्दलही त्यांनाच विचारा, ती चालू आहे की दुरुस्तीला गेली हे त्यांना माहीत असते.

धक्क्यापासून पिएदादच्या टेकडीपर्यंत रस्ता खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीमधून जातो. पाऊण तास धरा. दोन्ही बाजूंना बांध, मधे भाताची खाचरे, आणि पाण्याच्या तोंडाशी मानस, म्हणजे भरतीच्या पाण्याने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी दारे. एखाद्या मानशीपाशी थांबून पाण्याची दिशा बघा. खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि गोडे बाहेर सोडायचे, हे काम या दारांवर शतकानुशतके चालले आहे. बांधावरून आत शिरू नका. बांध लोकांच्या मालकीचे आहेत, आणि कडा ठिसूळ असतात.

पिएदादचे चर्च टेकडीच्या माथ्यावर. चर्च बघाच, पण खरा शोध शेजारच्या दफनभूमीत आहे. तिथल्या छोट्या कपेलचे छत कोरीव आहे, आणि ते कदंबकालीन देवळाचा उरलेला तुकडा आहे. इथला गणपती पोर्तुगीज काळात बेटाबाहेर नेला गेला, आता तो खांडोळ्याला आहे. दफनभूमीत आवाज न करता जा. अंत्यविधी चालू असेल तर बाहेर थांबा.

टेकडी उतरून उत्तरेकडे नार्वेच्या धक्क्याची वाट विचारा. तास-सव्वातास, वाड्या-वाड्यांतून, बराचसा सावलीचा. दिवाडीच्या या टोकाला सप्तकोटीश्वराचे मूळ देऊळ होते. कदंब राजांचे हे कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवर ‘सप्तकोटीश्वर लब्धवरप्रसाद’ अशी अक्षरे येतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडले. उरले ते चिरेबंदी पायऱ्यांचे तळे, कोटितीर्थ. पायऱ्या निसरड्या असतात, पाण्याच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवर उतरू नका. तळ्याच्या कडेच्या भिंतीत दिवे ठेवायचे कोनाडे आहेत. ते बघा. 

इथून फेरीने पलीकडे. डिचोली तालुक्यातले नार्वे. धक्क्यापासून थोडे चालून सप्तकोटीश्वराच्या देवळात पोचता येते. मूळ लिंग नदीपार आणून इथे स्थापले गेले, आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम सुरू केले. दारावरच्या शिलालेखात तशी नोंद आहे. राज्य सरकारने दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले. देवळात जाताना बूट काढावे लागतात, म्हणून आज नाडीचे बूट नकोत. लेख वाचायचा असेल तर दुपारच्या आत पोचा. गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

देव नेला गेला तो याच दिशेने, दिवाडीवरून नदीपार. म्हणून उलट्या दिशेने, नार्वेकडून दिवाडीकडे, ती करू नका.

परतायला नार्वेहून डिचोलीकडे जाणारी बस मिळते, पण फेऱ्या थोड्या आणि रविवारी त्याहून कमी. देवळाजवळच्या दुकानात पोचल्या पोचल्या वेळ विचारा आणि त्याच्या मागेपुढे दर्शन घ्या. बस चुकली तर आल्या वाटेने फेरी पकडून दिवाडीवरून परतता येते, त्यासाठी दुपारी दोनच्या आत नार्वेच्या धक्क्यावर असा, म्हणजे उजेडात जुन्या गोव्याला पोचाल.